जाहिरातीची हलगी

गावात तंबूतला सिनेमा आला, की हलगी वाजवीत बैलगाडी फिरायची. ती आठवणारी माणसे आपल्यात अजून आहेत. हलगी ऐकली, की कुणीतरी काहीतरी विकायला आले आहे, हे लहान पोरालाही कळे. पुढे भिंतीवरची रंगीत अक्षरे आली, वर्तमानपत्रातली चौकट आली, १९६७ साली विविध भारतीवरही जाहिराती सुरू झाल्या. साधने बदलली, पण जाहिरात कुठे सुरू झाली व कुठे संपली, हे ऐकणाऱ्याला समजत असे.

आता जाहिरात मोबाईलमध्ये शिरली आहे, आणि तिथे ती शेजाऱ्याच्या आवाजात बोलते. गेल्या हंगामात आमच्या मेहुण्यांनी एक व्हिडिओ पाहून टोमॅटोसाठी औषध मागविले. सांगणारा बांधावर उभा राहून आपल्याच बोलीत सांगत होता. मागाहून कळले, की प्रत्येक बाटलीमागे त्याला कमिशन मिळत होते. पीक काही बुडाले नाही. पण पैसे वाया गेले, आणि माणसावरचा विश्वास उडाला तो वेगळाच.

मग हे सगळे वाईटच का? तसे नाही. आधी उपयोगाची माहिती द्यायची, विश्वास मिळवायचा आणि मग माल विकायचा, याला आज ‘कंटेंट मार्केटिंग’ म्हणतात. युक्ती जुनीच आहे. अमेरिकेत नांगर बनविणाऱ्या जॉन डिअर कंपनीने १८९५ साली ‘द फरो’ हे शेतीविषयक नियतकालिक काढले. आपल्याकडे लोखंडी नांगर करणाऱ्या किर्लोस्करांच्या कारखान्यातून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाली, आणि तिच्यातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ हे नामवंत मासिक उभे राहिले. पण कारखान्याचे नाव तिथे उघड होते. वाचकाला बोलणारा कोण ते ठाऊक होते. म्हणजे दोष माहिती देण्यात नाही, नाव लपविण्यात आहे.

म्हणूनच पैसे वा वस्तू घेऊन शिफारस करणाऱ्याने तसे स्पष्ट सांगितले पाहिजे, असा नियम २०२१ साली भारतीय जाहिरात मानक परिषदेने केला. २०२३ साली केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही तेच बजावले. फसवणूक झाली, तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार करता येते. पण नियम आपल्या घरी येऊन राखण करीत नाही.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. एक तास काढून मुलांना असा एखादा व्हिडिओ दाखवा आणि तीन प्रश्न विचारा. बोलणारा कोण? त्याला पैसे कोण देतो? नुकसान झाले, तर जाब कुणाला विचारायचा? मुले घरी जाऊन हेच प्रश्न आईबापांना विचारतील, आणि औषधाची बाटली मागविण्याआधी घरात दोन शब्द बोलले जातील.

हलगी आता वाजत नाही. तेव्हा कान आपणच तयार केले पाहिजेत.