स्क्रीन अडकली की आधी कोणाला विचारायचं?

मी निवृत्त लष्करी अधिकारी. नोकरीतली बरीच वर्षं सिग्नल्समध्ये गेली आणि निवृत्तीनंतर मध्य प्रदेशात महूला स्थायिक झालो. आज बोलणार आहे डेस्कटॉपवरच्या प्रोग्रॅमबद्दल. एकच प्रोग्रॅम विंडोज, लिनक्स आणि मॅक अशा तिन्हींवर चालवायचा आणि तोही न अडखळता, हे कसं साधायचं? मी पदवीधर आहे, पण संगणकशास्त्राचा नाही. जे सांगतो ते चुका करून शिकलो आहे.

आम्ही काही निवृत्त मंडळी सैनिकांच्या विधवांना कुटुंब निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांत मदत करतो. सहा हजारांच्या आसपास फायलींची नोंद आहे. संगणक तीन. एक जुना विंडोजवाला, ४ जीबी रॅमचा. दुसरा देणगीत मिळालेला, त्यावर उबुंटू. तिसरा एका सहकाऱ्याचा मॅक. तिन्हींवर चालेल असा नोंदणीचा प्रोग्रॅम मी स्वतः लिहिला. मला थोडं एचटीएमएल येत होतं, म्हणून इलेक्ट्रॉन निवडलं. महिन्याभरात काम उभं राहिलं आणि मी खूश झालो.

मग एका सकाळी एक आजी आल्या. नवऱ्याचा सर्व्हिस नंबर पाठ, हातात प्लास्टिकची पिशवी. मी नाव टाइप करायला लागलो आणि स्क्रीन अडकली. दोन सेकंद, पाच सेकंद, आठ सेकंद. मी माऊस आपटत होतो. आजी घाबरून म्हणाल्या, "साहब, मेरी फाइल में कुछ गड़बड़ है क्या?"

गडबड माझ्या प्रोग्रॅममध्ये होती, आणि जीव त्यांचा टांगणीला लागला होता. त्या दिवसापासून हा विषय मी मनावर घेतला.

आधी थोडं मूळ समजून घेऊ. तुकडी नव्या ठिकाणी गेली की जेवणाची सोय तीन प्रकारे होते. फ्रेमवर्कचंही तसंच आहे.

पहिला प्रकार, स्थानिक मेसमध्ये जेवायचं. म्हणजे बटण, यादी, खिडकी हे सगळं त्या त्या यंत्रणेचंच वापरायचं. डब्ल्यूएक्सविजेट्स हे करतं. जावाचं जुनं एडब्ल्यूटीही हेच करत असे. सामान हलकं राहतं, पण प्रत्येक मेसची चव वेगळी, आणि सगळीकडे मिळेल तेवढंच ताटात.

दुसरा, आपला स्वयंपाकी न्यायचा. फ्रेमवर्क प्रत्येक बटण स्वतः रंगवतं. जावाचं स्विंग, नॉर्वेत जन्मलेलं क्यूटी आणि गुगलचं फ्लटर या वाटेचे. चव सगळीकडे जवळपास सारखी, पण अक्षरं कशी उमटतात, कळफलक कसा चालतो, अंध माणसाच्या स्क्रीन रीडरला काय सांगायचं, ही जबाबदारी फ्रेमवर्कवर येते.

तिसरा, अख्खं लंगर ट्रकवर चढवायचं. इलेक्ट्रॉन हेच करतं. प्रत्येक प्रोग्रॅमबरोबर क्रोमियम हा पूर्ण ब्राउझर आणि नोड जेएस येतं. २०१३ साली गिटहबने हे ॲटम नावाच्या एडिटरसाठी सुरू केलं. व्हीएस कोड यावरच उभा आहे, तेव्हा याला टाकाऊ म्हणणं चुकीचं. पण असे चार प्रोग्रॅम उघडले की चार लंगरं. टॉरी नावाचं नवं फ्रेमवर्क यंत्रणेतलाच वेब घटक वापरतं, त्यामुळे ओझं कमी होतं. मात्र तो घटक विंडोजवर एक आणि मॅक-लिनक्सवर दुसरा, म्हणून तपासणी तिन्हीकडे करावीच लागते.

हे वाचल्यावर मी निकाल देऊन टाकला की दोषी इलेक्ट्रॉन. तीन महिने बसून सगळं पायथन आणि क्यूटीमध्ये पुन्हा लिहिलं. प्रोग्रॅम पटकन उघडला. मी शोधाच्या चौकटीत नाव टाइप केलं आणि स्क्रीन पुन्हा अडकली!

सैन्यात टेहळणी न करता हल्ला चढवणाऱ्याला आम्ही काय म्हणायचो, ते इथे सांगत नाही. मी तेच केलं होतं. मोजमाप न करता शत्रू ठरवला.

मग प्रोफायलर लावला. प्रत्येक काम किती वेळ खातं ते तो दाखवतो. तीन चुका निघाल्या आणि तिन्ही माझ्या. एक, प्रत्येक अक्षरागणिक मी सगळ्या नोंदी नव्याने शोधत होतो. दोन, हा शोध त्याच धाग्यावर चालत होता ज्याच्यावर स्क्रीन रंगवण्याचं काम असतं. साधी स्क्रीन सेकंदाला ६० वेळा ताजी होते, म्हणजे एका चित्राला जेमतेम १६ मिलिसेकंद. तिथे मी सेकंदच्या सेकंद अडवून बसलो होतो. तीन, स्क्रीनवर तीस ओळी दिसतात, पण मी सहा हजार ओळींच्या बारा-बारा चौकटी तयार करत होतो. म्हणजे ७२ हजार.

दुरुस्ती चार दिवसांची निघाली. टाइप करणं थांबल्यावर पाव सेकंदाने शोध सुरू करायचा. तो वेगळ्या धाग्यावर चालवायचा. आणि क्यूटीच्या मॉडेल-व्ह्यू पद्धतीने, दिसतील तेवढ्याच ओळी मागवायच्या. जेकब नील्सन यांनी १९९३ च्या पुस्तकात लिहिलं आहे की ०.१ सेकंदात उत्तर आलं तर माणसाला ते तत्काळ वाटतं. आता आम्ही बहुतेक वेळा त्याच्या जवळपास आहोत.

प्रामाणिकपणे आणखी एक प्रयोग केला. याच दुरुस्त्या जुन्या इलेक्ट्रॉनवाल्या प्रोग्रॅममध्ये घातल्या. तोही अडकायचा थांबला! मात्र ४ जीबीच्या मशीनवर शेजारी ब्राउझर आणि पीडीएफ उघडल्यावर मेमरी भरली, यंत्रणा हार्ड डिस्कवर सामान हलवू लागली आणि सगळंच रेंगाळलं. क्यूटीवाला तिथे तग धरून राहिला. म्हणजे फ्रेमवर्कला दोष होता, पण ओझ्यापुरता. अडकण्याचा दोष माझा होता. आमच्याकडे १६ जीबीची मशीनं असती तर ते तीन महिने वाया गेले असते.

आपल्या भाषेपुरती एक गोष्ट. विंडोजवर मी ओळीची उंची पिक्सेलमध्ये पक्की केली होती. उबुंटूवर देवनागरी फॉन्ट वेगळा आला आणि रफार कापला गेला. 'शर्मा'चं 'शमा' दिसायला लागलं. निवृत्तिवेतनाच्या कागदावर नावातला रफार गेला, तर त्या बाईंना पुन्हा खेटे घालावे लागतात. आता फॉन्ट प्रोग्रॅमसोबत देतो आणि उंची फॉन्टला विचारून ठरवतो. तुम्ही बडोद्यात, हैदराबादेत किंवा बंगळुरूत बसून मराठीसाठी काही बनवत असाल, तर तिन्ही यंत्रणांवर जोडाक्षरं, रफार आणि वेलांट्या डोळ्यांनी तपासा.

फ्रेमवर्क निवडण्याआधी कागदावर तीन ओळी लिहा. सगळ्यांत कमकुवत मशीन कोणतं? त्यावर आणखी काय उघडं असतं? आणि त्याच्यासमोर कोण बसणार आहे? मग त्याच मशीनवर, खऱ्या संख्येच्या नोंदी भरून, मोजा. आपल्या नव्या लॅपटॉपवर पन्नास नोंदी घालून केलेली चाचणी म्हणजे परेड, लढाई नव्हे.

त्या आजी नंतर हयातीच्या दाखल्यासाठी पुन्हा आल्या होत्या. नंबर टाकला, फाइल लगेच उघडली. त्यांचं लक्ष स्क्रीनकडे नव्हतंच. त्या मला नातवाच्या भरतीबद्दल विचारत होत्या.

जय हिंद.