महासत्तांची शस्त्रस्पर्धा आणि चुकून होणारे युद्ध



मंडळाने व्याख्यानासाठी दिलेला विषय पाहून काहींना वाटले असेल, की बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या माणसाचा आणि अणुबाँबचा संबंध काय? आम्ही कला शाखेचे पदवीधर. अणूचे विज्ञान हा आमचा प्रांत नव्हे आणि त्यात आम्ही शिरणारही नाही. पण हिशेब, सही, दुहेरी चावी आणि तपासणी या आमच्या रोजच्या गोष्टी आहेत. अणुयुद्ध आजवर का झाले नाही, याचा शोध घेऊ लागलो की नेमक्या याच गोष्टी समोर येतात.

आजच्या विद्यार्थ्यांना शीतयुद्ध हा इतिहासाच्या पुस्तकातला एक धडा वाटतो. १९९१ साली सोव्हिएत संघ संपला, तेव्हा धोकाही संपला, अशी समजूत आहे. आकडेही तिला बळ देतात. १९८६च्या सुमारास जगात ७० हजारांच्या आसपास अण्वस्त्रे होती. आज ती १२ हजारांच्या घरात आहेत आणि त्यांतली ९० टक्क्यांच्या आसपास रशिया आणि अमेरिका या दोघांकडे आहेत. परंतु ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर पडलेल्या एकाच बाँबने त्या वर्षाच्या अखेरपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसे दगावली. हे लक्षात घेतल्यावर १२ हजार हा आकडा कमी म्हणायचा की काय, हे श्रोत्यांनीच ठरवावे.

तरीही खरा धोका आकड्यात नाही, तो मिनिटांत आहे. रशियाच्या भूमीवरून सुटलेले क्षेपणास्त्र अमेरिकेत पोहोचायला साधारण ३० मिनिटे लागतात. समुद्रातल्या पाणबुडीतून सुटले तर त्याहूनही कमी. दोन्ही बाजूंना एकच भीती असते, की शत्रूने आधी मारा केला तर आपली क्षेपणास्त्रे जमिनीतच नष्ट होतील. म्हणून ती सतत सज्ज ठेवायची आणि इशारा मिळताच, पहिला स्फोट होण्याच्या आधीच, सोडता येतील अशी तयारी करायची. आता हा इशाराच खोटा निघाला तर?

आमच्या बँकेत स्ट्राँग रूम एका चावीने उघडत नाही. दोन चाव्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात आणि दोघेही हजर असावे लागतात. मोठ्या रकमेचे व्हाउचर एकाने करायचे आणि दुसऱ्याने पास करायचे, हाही नियमच आहे. अमेरिकेच्या क्षेपणास्त्र तळावरही दोन अधिकाऱ्यांनी एकाच वेळी चाव्या फिरवाव्या लागतात. पण तसा आदेश देण्याचा अधिकार तिथे एकट्या राष्ट्राध्यक्षांचा आहे. त्यांच्या सहीखाली दुसरी सही लागत नाही.

आता १९६२चा ऑक्टोबर महिना पाहू. सोव्हिएत संघाने क्यूबामध्ये गुपचूप क्षेपणास्त्रे आणून ठेवली होती. अमेरिकेची क्षेपणास्त्रे त्याआधीच तुर्कस्तानात रशियाच्या दाराशी उभी होती, हे मात्र पुष्कळ जण सांगायचे विसरतात. टेहळणी विमानांच्या छायाचित्रांतून क्यूबातला प्रकार उघडकीला आला आणि केनेडींनी क्यूबाभोवती आरमारी नाकेबंदी केली. १३ दिवस जगाने श्वास रोखून धरला. या साऱ्यात २७ ऑक्टोबरचा शनिवार विशेष अभ्यासण्यासारखा आहे. त्या एका दिवसात तीन घटना घडल्या. क्यूबावर अमेरिकेचे यू-२ विमान पाडले गेले आणि वैमानिक ठार झाला. दुसरे एक यू-२ उत्तर ध्रुवाकडे वाट चुकून थेट सोव्हिएत हद्दीत शिरले. आणि तिसरी घटना समुद्राखाली घडली. विमान पाडण्याचा हुकूम ख्रुश्चेव्ह यांनी दिला नव्हता, तो तिथल्या स्थानिक सेनाधिकाऱ्यांचा निर्णय होता. वाट चुकलेल्या विमानाचा केनेडींना पत्ता नव्हता. म्हणजे दोघेही नेते युद्ध टाळू पाहत होते आणि युद्ध त्यांच्या हातांबाहेर आपोआप पुढे सरकत होते.

तिसरी घटना जरा सविस्तर सांगतो. बी-५९ ही सोव्हिएत पाणबुडी क्यूबाजवळ पाण्याखाली होती. बॅटऱ्या उतरत आलेल्या, आत भट्टीसारखा उकाडा आणि मॉस्कोशी काही दिवस संपर्क नाही. अमेरिकन नौकांनी तिला वर यायला लावण्यासाठी आवाजाचे छोटे बाँब टाकायला सुरुवात केली. हा केवळ इशारा आहे, असे अमेरिकेने मॉस्कोला कळवले होते. पाणबुडीतल्या माणसांपर्यंत ते पोहोचलेच नव्हते! पाणबुडीवर एक अण्वस्त्रधारी टॉर्पेडो होता. वर युद्ध सुरू झाले असावे असे समजून कप्तान सावित्स्की यांनी तो तयार करण्यास सांगितले, असे त्याच पाणबुडीवरच्या एका अधिकाऱ्याने पुढे सांगितले आहे. योगायोगाने त्या फेरीत वासिली अर्खिपोव्ह हे ३६ वर्षांचे वरिष्ठ अधिकारी बरोबर होते. त्यांनी कप्तानाला शांत केले. पाणबुडी वर आली आणि परत फिरली. आदल्याच वर्षी, १९६१ साली, अर्खिपोव्ह के-१९ या अणुपाणबुडीवर होते. तिच्या अणुभट्टीत बिघाड झाला आणि किरणोत्सर्गाने सहकारी मरताना त्यांनी पाहिले होते. बी-५९वर त्यांच्या मनात काय आले असेल ते आम्ही सांगू शकत नाही, पण अणू म्हणजे काय हे त्या पाणबुडीत त्यांना इतरांपेक्षा अधिक ठाऊक होते. ते १९९८ साली वारले. जगाला ही हकीकत नीट कळली ती २००२ साली.

दुसरी हकीकत १९८३ची. त्या वर्षी १ सप्टेंबरला सोव्हिएत लढाऊ विमानाने कोरियाचे प्रवासी विमान पाडले आणि २६९ माणसे मेली. दोन्ही बाजूंचे वातावरण तापलेले होते. २६ सप्टेंबरच्या मध्यरात्रीनंतर मॉस्कोजवळच्या इशारा केंद्रात उपग्रहाने दाखवले, की अमेरिकेतून क्षेपणास्त्र सुटले. आधी एक, मग एकूण पाच. ड्युटीवर लेफ्टनंट कर्नल स्टानिस्लाव पेत्रोव्ह होते. त्यांनी साधा हिशेब केला. ज्याला युद्ध सुरू करायचे तो पाचच क्षेपणास्त्रे कशाला सोडील? शिवाय यंत्रणा नवीन होती आणि जमिनीवरच्या रडारला काहीच दिसत नव्हते. त्यांनी वर कळवले, की हा इशारा खोटा आहे. पुढे कळले, की ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रह फसला होता. या माणसाला शाबासकी मिळाली असेल असे तुम्हाला वाटेल. प्रत्यक्षात त्या वेळच्या नोंदी वहीत लिहिल्या नाहीत म्हणून त्यांचीच कानउघाडणी झाली! एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात इंटरकॉम असताना लिहिणार कशाने? ज्यांनी सरकारी किंवा बँकेच्या कचेरीत दिवस काढले आहेत, त्यांना हे पटकन समजेल.

अशा घटना आणखी आहेत. १९७९ साली अमेरिकेच्या केंद्रात सरावासाठी तयार केलेली माहिती खऱ्या संगणकावर उमटली आणि प्रचंड हल्ला होत असल्याचे दिसले. १९८० साली ५० सेंटही किंमत नसलेल्या एका चिपने तसाच घोटाळा केला. २५ जानेवारी १९९५ रोजी नॉर्वेने ध्रुवीय प्रकाशाच्या अभ्यासासाठी अग्निबाण सोडला. त्याची सूचना रशियाला आधीच दिलेली होती. ती रडारवरच्या माणसांपर्यंत गेलीच नाही आणि येल्त्सिन यांच्यापुढे अण्वस्त्रांची पेटी उघडली गेली. तोवर शीतयुद्ध संपून तीन-चार वर्षे झाली होती, हे लक्षात घ्यावे.

मग यावर उपाय म्हणून माणसांनी काय केले? क्यूबाच्या संकटानंतर १९६३ साली मॉस्को आणि वॉशिंग्टन यांच्यात थेट संपर्काची सोय झाली. १९८७ साली रेगन आणि गोर्बाचेव्ह यांनी मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रे नष्ट करण्याचा करार केला. त्यात एकमेकांच्या तळांवर जाऊन तपासणी करण्याची तरतूद होती. आमच्या मते करारांचे खरे मोल शस्त्रे किती कमी झाली यापेक्षा या तपासणीत आहे. शत्रूचे लेजर आपल्या डोळ्यांनी पाहता आले, की वाईटात वाईट कल्पना करीत बसावे लागत नाही. हा करार २०१९ साली संपुष्टात आला. २०१० सालच्या न्यू स्टार्ट कराराने प्रत्येकाला १,५५० तैनात अण्वस्त्रांची मर्यादा घातली होती. त्याखालच्या तपासण्या २०२० साली कोरोनाच्या साथीत थांबल्या त्या थांबल्याच. युक्रेनचे युद्ध चालू असताना फेब्रुवारी २०२३ मध्ये रशियाने या करारातला सहभाग स्थगित केला. कराराला मिळालेली मुदतवाढ ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतची होती. शिवाय आता चीनही आपला साठा झपाट्याने वाढवत आहे. दोन खात्यांची बेरीज जुळवणे कठीण होते, तिथे तिसरे खाते आले.

आपल्या देशाविषयी एकच सांगतो. पोखरणची पहिली चाचणी १८ मे १९७४ रोजी आणि दुसऱ्या खेपेची ११ मे १९९८ रोजी झाली. दुसऱ्या खेपेचा दिवस बुद्ध पौर्णिमेचा. पहिल्या चाचणीला तर ‘हसरा बुद्ध’ असे नाव पडले. ते नाव आम्हाला आजही खुपते आणि या सभागृहातल्या कित्येकांना खुपत असेल. त्याचबरोबर हेही सांगितले पाहिजे, की अण्वस्त्र पहिल्यांदा आम्ही वापरणार नाही, असे भारताने आणि चीनने जाहीर केले आहे. सोव्हिएत संघाने १९८२ साली असा शब्द दिला होता. रशियाने १९९३ साली तो सोडला आणि अमेरिकेने तो कधी दिलाच नाही. विद्यार्थ्यांनी वर्तमानपत्रातली बातमी वाचताना कोणाकडे किती बाँब यापेक्षा कोणी कोणता शब्द दिला, कोणता मोडला आणि कोणाची तपासणी बंद पडली, हे पाहत जावे.

आणि आता एक नवाच प्रश्न उभा राहिला आहे. पेत्रोव्ह यांच्या जागी उद्या संगणकाची कृत्रिम बुद्धिमत्ता बसवली, तर ती उपग्रहावर शंका घेईल का? नोव्हेंबर २०२४ मध्ये पेरूची राजधानी लिमा येथे अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडेन आणि चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग भेटले. अण्वस्त्र वापरण्याचा निर्णय माणसाच्याच हाती राहिला पाहिजे, यावर दोघांचे एकमत झाले. तो करार नाही, त्यावर सह्या नाहीत आणि तपासणीचे एकही कलम त्यात नाही. तूर्त एवढेच हाती आहे.