गाडी कोण चालवत होतं?

आज मी माझ्या हातून झालेल्या दोन चुका सांगणार आहे. पहिली गाडीची. तिचं नुकसान चार हजारांच्या आत भागलं. दुसरी तोंडाची, म्हणजे जिथं तोंड उघडायला पाहिजे होतं तिथं मी उघडलं नाही. ती अजून आठवली की कानशिलं तापतात.

मी भूम तालुक्यातली. सासर-माहेर दोन्ही इथलंच. भाऊ पुण्याला कंपनीत आहे, आई नाही, माहेरी अण्णा एकटेच असतात. त्यांच्याकडं एक जुनी वॅगन आर आहे. घेतली दुसऱ्याकडून, पण जपतात घरच्या बैलासारखी. दसऱ्याला तर हार घालतातच, पोळ्यालाही घालतात. गेल्या वर्षी अण्णांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. तपासायला, ऑपरेशनला, पुन्हा दाखवायला, दर वेळी बार्शी. गाडी दारात उभी आणि चालवायला माणूस नाही. कधी ह्याच्या पाया पडा, कधी त्याच्या. शेवटी मी म्हटलं, मीच शिकते.

सासूबाई म्हणाल्या, चाळिशीत काय नवं खूळ. पण २०२३ पासून आपल्या एसटीतसुद्धा बायका बस चालवायला लागल्यात, मला तर साधी चारचाकीच चालवायची होती. २१ दिवसांचा क्लास लावला, शिकाऊ लायसन काढलं. हे लायसन ६ महिने चालतं, आणि निघाल्यावर ३० दिवस झाले की पक्क्या लायसनची परीक्षा देता येते. तोवर शेजारी पक्कं लायसन असलेला माणूस बसलेला पाहिजे आणि गाडीला पुढं-मागं पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' पाहिजे. मी धाराशिवला जाऊन परीक्षा दिली, पास झाले आणि गल्लीत कुंथलगिरीचे पेढे वाटले.

क्लासच्या गाडीची एक गोष्ट मला तेव्हा कळली नव्हती. त्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही एक ब्रेक असतो. आपण चुकलो की गाडी ते थांबवतात, आणि आपल्याला वाटतं आपणच थांबवली. अण्णांच्या गाडीत तो दुसरा ब्रेक नाही.

लायसन हातात येऊन ४० दिवस झाले होते. अण्णांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन चौथा दिवस. डोळ्यात घालायचे थेंब संपत आले, म्हणून मी एकटीच भूमला मेडिकलवर गेले. गाडी दुकानासमोर लावली, थेंब घेतले, परत येऊन बसले आणि रिव्हर्स टाकला. गाडी लावताना मागं जागा मोकळी होती, तीच माझ्या डोक्यात राहिली. पण दहा मिनिटांत तिथं दूधवाल्याची मोटारसायकल येऊन उभी होती. मी डावा आरसा बघितला, उजवा बघितला. मधल्या आरशाकडं आणि मान वळवून मागं बघितलंच नाही. धप्प आवाज झाला. ब्रेक दाबायच्या घाईत पाय भलतीकडंच पडला आणि गाडी आणखी हातभर मागं गेली.

मोटारसायकल आडवी झाली. दोन्ही बाजूंना ४० लिटरचा एकेक कॅन, त्यातल्या एकाचं झाकण उडालं आणि दूध सगळं नालीत. दूधवाले मामा शेजारीच उभे होते. ते मोटारसायकल सावरायला गेले आणि ती त्यांच्या पायावर पडली.

आपल्या तालुक्यात दूध सांडणं म्हणजे काय, हे सांगायला नको. म्हशीचं पाच लिटर दूध आटवलं की किलोभर खवा पडतो. माझ्या डोळ्यांदेखत पाचेक किलो खवा नालीनं वाहत चालला होता.

लोक जमले. एक जण म्हणाला, ताई, उतरू नका, काच वर घ्या. दुसरा म्हणाला, निघा तुम्ही, मोठं काही झालं नाही. एका पोरानं मोबाइल वर धरला. मी उतरले, पण पाय लटलट कापत होते. तेवढ्यात गर्दीतून माझा चुलत भाऊ आला. त्यानं माझ्या हातातली चावी घेतली आणि हळूच म्हणाला, "तू गप बस. गाडी मी चालवत होतो म्हणून सांगतो. बाईमाणूस दिसलं की लोक तोंडाला येईल तो आकडा मागतात."

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी आजही म्हणते. पण मी चावी दिली. त्याच्या पाठीमागं जाऊन उभी राहिले. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तो मामांना सांगत होता, "मी रिव्हर्स घेत होतो, तुमची गाडी दिसली नाही." आणि मी पदराशी चाळा करत ऐकत होते.

मामा मेडिकलच्या पायरीवर पाय धरून बसले होते. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "चालवत तर ह्या बाई होत्या. मी बघितलं की. मला येड्यात काढता व्हय?"

ते आवाज चढवून बोलले असते तर बरं झालं असतं. साधंच बोलले. मग मी पुढं झाले आणि म्हटलं, "मामा, मीच चालवत होते. चूक माझी आहे." चुलत भावानं चावी माझ्या हातावर आपटली आणि तो निघून गेला.

मैत्रिणींनो, ही माणूस बदलायची युक्ती आपल्याकडं फार चालते. बायकोनं ठोकली की नवरा पुढं होतो, पोरीनं ठोकली की बाप. पण विम्याच्या अर्जावर गाडी कोण चालवत होतं, त्याचं लायसन कोणतं, हे लिहावं लागतं. तिथं खोटं लिहिलं आणि ते उघडं पडलं तर कंपनी पैसे नाकारू शकते, आणि पोलिसांपुढं खोटं सांगितलं तर तो वेगळाच गुन्हा. आणि गरजही नसते. मला किती जणींनी विचारलं, गाडी वडिलांच्या नावावर, मग तुला विमा कसा लागू? विमा गाडीचा असतो. मालकाच्या परवानगीनं चालवत असाल आणि लायसन चालू असेल तर मुलगी काय, सून काय, कुणीही चालवू शकतं. लायसन नसेल तर मात्र सगळंच अवघड. अठराच्या आतल्या पोराच्या हातात चारचाकी देणाऱ्या आयांनी तर कानाला खडा लावावा. २०१९ च्या दुरुस्तीपासून त्यात आईबापाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद आहे.

मी मामांना गाडीत बसवलं. आधी ते बसेनात, आणि त्यांचं बरोबरच होतं. ग्रामीण रुग्णालयात पाय दाखवला. हाड शाबूत होतं, घोट्याला सूज होती. रुग्णालय लांब असतं तर १०८ ला फोन केला असता, पोलीस हवे असतील तर ११२. अपघातात कुणाला लागलं तर त्याला दवाखान्यात पोचवणं आणि २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणं हे चालवणाऱ्याचं काम आहे, मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्ये तसं लिहिलंय. म्हणून तिथून ठाण्यात गेले. मामा म्हणत होते, कशाला ताई, आपलं मिटलंय. पण रात्री पाय जास्त सुजला असता तर मी पळून गेले असं झालं असतं. नोंद केली.

मग हिशेब. चुलत भावाचं म्हणणं होतं, तोंडाला येईल तो आकडा मागतात. मामांनी बोटं मोजली : २५ लिटर सांडलं, भट्टीवर ५० चा भाव, १,२५० रुपये. मोटारसायकलचा इंडिकेटर आणि क्लचची दांडी, ४००. एक रुपया जास्त मागितला नाही. पैसे दिले आणि कशाचे दिले ते साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या केल्या.

अण्णांच्या गाडीचा मागचा दिवा फुटला होता, बंपर चेपला होता. पॉलिसी काढून बघितली तर ती फक्त थर्ड पार्टीची. म्हणजे समोरच्याच्या नुकसानीपुरती. ती कायद्यानं प्रत्येक गाडीला लागतेच. पण आपल्या गाडीच्या दुरुस्तीचा पैसा तिच्यातून मिळत नाही, त्याला वेगळा विमा घ्यावा लागतो. तुमच्याकडं तो असेल तर दुरुस्तीच्या आधी फोटो काढा, कंपनीला लगेच कळवा. मात्र बारीकसारीक मोडतोडीला आधी हिशेब करा. आपल्या लहान गाड्यांना पहिले १,००० रुपये आपणच भरायचे असतात. शिवाय वर्षभर काही मागितलं नाही तर पुढच्या हप्त्यात जी सूट मिळते, पहिल्या वर्षी २० टक्के आणि वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत, ती एका दाव्यानं जाते. दोन-अडीच हजारांसाठी ती घालवायची का, ते ज्याचं त्यानं बघावं. मला गॅरेजवाल्यानं २,२०० सांगितले, तेही दोन दिवसांनी ये म्हणाला.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. आणि बघा, एवढं सगळं खरं बोलून आलेली मी, अंगणात गाडी अशी लावली की मागची बाजू गोठ्याच्या भिंतीला चिकटावी. फुटका दिवा दिसू नये म्हणून.

अण्णा ओट्यावर बसले होते, काळा चष्मा लावून. बघायची मनाई, पण कान उघडे. म्हणाले, "आज गाडी उलटी लावलीस का गं?"

मग सांगितलं. चावी दिल्याचंही सांगितलं. ते उठले, भिंत आणि गाडीच्या मधल्या फटीत हात घालून बंपर चाचपला, फुटक्या काचेवरून बोट फिरवलं. मी म्हटलं, अण्णा, हात कापेल. ते म्हणाले, "त्या माणसाचा पाय?" मी म्हटलं, सूज आहे, मोडला नाही. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "गाडीचं काही नाही. पण तू त्याच्या मागं कशाला उभी राहिलीस?" ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्या रात्री ते नीट जेवले नाहीत. सकाळी मात्र आठ वाजता तयार होऊन गाडीपाशी उभे. बार्शीला डोळा दाखवायचा होता.

आता मी गाडी मागं घेण्याआधी खाली उतरून एक फेरी मारते. लोक हसतात, हसू देत. भूममध्ये ते दूधवाले मामा अधूनमधून भेटतात. मला गाडीत बसताना बघितलं की लांबूनच ओरडतात, "थांबा ताई, आधी माझी गाडी बाजूला घेतो!"