नेवाळकरांचे झाशीवाले



राजघराण्यांची आडनावे गावांना, वाड्यांना लागतात. झाशीत मात्र उलट घडले. कोकणातील नेवाळकर येथे सुभेदार झाले. रघुनाथ हरींनी राणीमहाल बांधला. तरी आडनाव मागे पडले, गावच पुढे आले. १९४३ मध्ये आझाद हिंद सेनेतील स्त्रियांच्या पलटणीस ‘झाशीची राणी’ हेच नाव मिळाले. २०२१ मध्ये येथील रेल्वे स्थानकास वीरांगना लक्ष्मीबाईंचे नाव जोडले गेले. नेवाळकर तेथेही नाही. राज्य गमावलेले दत्तकपुत्र दामोदरराव १९०६ मध्ये इंदुरास निवर्तले. त्यांच्या वंशजांनी आडनाव लावले, ‘झाशीवाले’!

आमची आडनावे आम्ही कोठून आलो ते सांगतात. आम्ही कोठले झालो, हे मुलांना सांगण्याचे काम मात्र आमचे आहे.