कुत्र्याच्या अंगावरील गाठ

आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेच्या काठच्या कापसाच्या शेतांवर, रात्रीची राखण अद्यापि पुष्कळ ठिकाणी कुत्र्यावरच सोपविलेली असते. अशा इमानी सोबत्याच्या पाठीवरून हात फिरविताना एखादे दिवशी बोटांना वाटाण्याएवढी गाठ लागते. घरातील वडीलधारे तिला चरबी म्हणून सोडून देतात, शेजारी बिब्बा घालावयास सांगतो, मुले ती दाबून पाहतात. या तिन्हींपैकी एकही गोष्ट हिताची नाही.

२०२२ साली देशाच्या अनेक भागांत गाईबैलांच्या अंगावर लम्पीच्या गाठी उठल्या. कुत्र्यालाही तोच रोग जडला, अशी शंका त्यामुळे कोणास येईल. परंतु तो गाईम्हशींचा विषाणुरोग आहे. कुत्र्याच्या गाठीची कारणे निराळी असतात.

प्रथम केस बाजूस सारून उजेडात पाहावे. पुष्कळदा ती गाठ नसून रक्त पिऊन फुगलेला गोचीड असतो. तो चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावा. रॉकेल लावू नये, चटका देऊ नये. काटा रुतल्याने वा दुसरा कुत्रा चावल्याने आलेले गळू गरम व दुखरे असते. तेही घरी फोडू नये.

वयस्क कुत्र्याच्या कातडीखालील मऊ, बोटाखाली सरकणारी गाठ बहुधा निरुपद्रवी चरबीची असते. पण खरा धोका या 'बहुधा'तच आहे. कातडीचा एक प्रकारचा कर्करोग हुबेहूब तशीच गाठ धारण करतो. तो आज सुजतो, उद्या ओसरतो आणि धन्याची फसगत होते. दाबल्याने तो अधिकच चेततो. बोटांना हा भेद कळत नाही, सुईला कळतो. पशुवैद्य बारीक सुईने गाठीतील थोड्या पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्याला बहुधा भूलही द्यावी लागत नाही. एक सेंटिमीटरएवढी झालेली किंवा महिनाभर टिकलेली गाठ अशी तपासून घ्यावी, हा नियम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

कुत्रीच्या स्तनांजवळील गाठीबाबत तर मुळीच दिरंगाई करू नये. अशा गाठींपैकी सुमारे निम्म्या घातक निघतात. लहान असतानाच काढलेली गाठ जीव वाचवू शकते. पहिल्या माजापूर्वी गर्भाशय व अंडाशय काढल्यास हा धोका पुष्कळच कमी होतो.

मोकाट हिंडणाऱ्या कुत्र्यांत जननेंद्रियावर रक्त गाळणारी, फुलकोबीसारखी गाठ आढळते. ती संगतीने पसरते. आश्चर्य हे की, जगभरच्या या गाठींतील पेशी हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्यापासून चालत आलेल्या आहेत. दिसावयास भयंकर असली, तरी पशुवैद्याने आठवड्याआठवड्याने शिरेतून दिलेल्या व्हिन्क्रिस्टीनच्या इंजेक्शनांनी ती बहुतेक वेळा पूर्ण बरी होते. असा कुत्रा गावाबाहेर हाकलणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

महिन्यातून एकदा कानापासून शेपटीपर्यंत हात फिरवावा. गाठ लागली तर तिची जागा, आकार व तारीख भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी आणि बाजारच्या दिवशी कुत्र्याला जनावरांच्या दवाखान्यात न्यावे. जो रात्रभर घर राखतो, त्याला आपले दुखणे सांगता येत नाही; ते हाताने शोधावे लागते.