आईच्या नावापुढचा अंगठा



मला दिलेला विषय होता माहिती अधिकार. एवढ्या वेळात सगळा कायदा सांगता येणार नाही, म्हणून मी एकाच कामाबद्दल बोलते: महानगरपालिकेकडे सफाई कामगारांच्या पगाराची नोंद मागणं. शहराचं नाव घेणार नाही. आई अजून तिथेच कामाला आहे.

आई कंत्राटी सफाई कामगार. पहाटे हजेरी चौकीवर मुकादमासमोर उभं राहायचं, मग झाडू आणि रस्ता. तेव्हा पगार रोख मिळायचा, पाकिटात. एम.ए.च्या प्रवेशाच्या वेळी मला उत्पन्नाचा दाखला काढायचा होता. तलाठी कार्यालयात पगाराची पावती मागितली. आईने मुकादमाला विचारलं, तर तो म्हणाला, "तुमची कुठं पावती असते मावशी?" तिथून हे सुरू झालं. ही गोष्ट 2022 ची.

माझा पहिला अर्ज दोन पानी होता. पदवीधर झाल्याचा सगळा जोर त्यात ओतला होता. आईला पूर्ण पगार का मिळत नाही, जबाबदार कोण, कारवाई कधी. तो सरळ परत आला, आणि नियमाने बरोबरच परत आला. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत लागतो. केंद्राच्या नियमांत ही मर्यादा 500 शब्दांची आहे. शिवाय 'का' ही माहिती नसते. माहिती म्हणजे कार्यालयात असलेला कागद. कागदाचं नाव माहीत नसेल तर तुमचा राग फायलीला लागून राहतो, एवढंच.

दुसऱ्या अर्जात वेतन नोंदवही मागितली. उत्तर आलं: सदर कामगार कंत्राटदाराचे असून त्यांचे वेतन अभिलेख या कार्यालयात उपलब्ध नाहीत.

त्याच आठवड्यात मी पालिकेची वेबसाइट उघडली. कायम कर्मचाऱ्यांची यादी तिथे होती. नाव, हुद्दा, दरमहा वेतन. हे कोणाचे उपकार नाहीत. कायद्याच्या कलम 4(1)(ख) मधला दहावा मुद्दाच तो आहे: प्रत्येक अधिकारी-कर्मचाऱ्याचं मासिक वेतन कार्यालयाने न मागता जाहीर करायचं. आमच्या गल्लीतल्या एका काकांचं नाव त्या यादीत होतं. ते आईच्याच रस्त्याच्या पुढच्या टोकाला झाडू मारतात. आईचं नाव कुठेच नव्हतं. अंदाजपत्रकात 'मनुष्यबळ पुरवठा' असा एक खर्च होता, त्यात ती असणार. काका आणि आई दोघंही आपल्याच वस्तीतले. झाडू कोणाच्या हातात द्यायचा हे पालिकेला पक्कं ठाऊक असतं. त्या हाताची नोंद ठेवायची वेळ आली की तो हात कंत्राटदाराचा होतो.

मग एका निवृत्त लेखा लिपिकाने मला जे सांगितलं ते लिहून घ्या. कंत्राटदाराला पैसे मिळतात ते बिल दिल्यावर. बिलासोबत हजेरी पत्रक, वेतन पत्रक, भविष्य निर्वाह निधीचं चलन जोडावं लागतं, निविदेच्या अटींत तसं लिहिलेलं असतं. म्हणजे कागद कंत्राटदाराकडे असेल तसाच पालिकेच्या लेखा विभागातही असतो. म्हणून 'वेतनाची माहिती द्या' असं लिहू नका. 'अमुक महिन्याच्या बिलासोबत जोडलेल्या कागदपत्रांच्या प्रती' असं लिहा. आणि 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात पगार वाटताना मुख्य मालकाचा, म्हणजे पालिकेचा, प्रतिनिधी हजर हवा आणि त्याने ते प्रमाणित करावं अशी तरतूद होती. मी त्या प्रमाणपत्राचीही प्रत मागितली. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी श्रमसंहिता आल्या आहेत, पण कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो मुख्य मालकाने द्यायचा, ही जबाबदारी तिथेही आहे.

आता माझी चूक सांगते. अर्जावर मी घरचा पत्ता लिहिला. कायद्याच्या कलम 6(2) प्रमाणे अर्ज कशासाठी केला हे सांगावं लागत नाही, संपर्कापुरता तपशील पुरतो. पण आमच्या वस्तीचा पत्ता वाचल्यावर कारण कोणाला विचारायची गरजच उरत नाही. चौथ्या दिवशी मुकादम आईला म्हणाला, "मावशी, तुमची पोरगी लई शिकली वाटतं. तुम्ही आता घरीच आराम करा." अकरा दिवस तिला हजेरी मिळाली नाही. त्या अकरा दिवसांत आई माझ्याशी फक्त जेवणापुरतं बोलली. तिचं एकच म्हणणं होतं, "मला विचारलं होतंस का?" नव्हतं विचारलं. बायका चौकीवर एकत्र जाऊन उभ्या राहिल्या तेव्हा तिला परत घेतलं. त्यात माझ्या अर्जाचा काही वाटा नाही.

पुढचा अर्ज शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या मैत्रिणीने तिच्या नावाने केला. या वेळी आईला आधी विचारलं. ती लगेच हो म्हणाली नाही. तीस दिवसांत उत्तर नाही, म्हणून प्रथम अपील. सुनावणीत अधिकाऱ्याने 2012 चा गिरीश रामचंद्र देशपांडे प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुढे केला. तो निकाल एका अधिकाऱ्याला दिलेले मेमो, त्याची मालमत्ता, आयकर विवरण याबद्दलचा आहे. सरकारी तिजोरीतून चुकत्या केलेल्या बिलाबद्दलचा नाही. मैत्रिणीने एवढंच म्हटलं, आणि बँक खात्याचे क्रमांक झाकून द्या असं स्वतःहून सुचवलं. कलम 10 तसं करू देतं. अपील मंजूर झालं. अभिलेख पाहायची परवानगी मिळाली.

मी तिच्यासोबत गेले. आईचं नाव सापडलं. दिवस 26, रक्कम किमान वेतनाइतकी, पाकिटातल्या पैशांपेक्षा बरीच जास्त. नावापुढे अंगठा. खाली पालिकेच्या प्रतिनिधीची सही, 'माझ्या समक्ष वाटप केले'. माझी आई सही करते. साक्षरता वर्गात शिकली, माझ्या दहावीच्या प्रगतिपुस्तकावर तिचीच सही आहे. दोन रुपये पानाप्रमाणे साक्षांकित प्रती घेतल्या. घरी तिने तो अंगठा बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "कुणाचा असंल गं हा?"

आता तिघींचा दावा सहायक कामगार आयुक्तांकडे चालू आहे. बाकीच्या पुढे आल्या नाहीत, आणि का, ते मला कळतं.

हे काम नवं नाही. डिसेंबर 1994 मध्ये राजस्थानात कोट किराना इथे मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई घेतली, तीही मस्टर आणि बिलांवरच. माहितीच्या कायद्याची मागणी मजुरीच्या हिशेबातून वर आली. आणि किमान वेतनाचं विधेयक 1946 साली मध्यवर्ती विधिमंडळात बाबासाहेबांनी मांडलं होतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

नोव्हेंबर 2025 मध्ये कलम 8(1)(ञ) बदललं. 'वैयक्तिक माहिती' म्हटलं की नकार द्यायला आता फार कारण लागत नाही. नावं नाकारली तर नावं झाकून पत्रकं मागा, आणि कलम 8(2) मधलं जनहिताचं कारण अर्जातच लिहा. ते कलम शाबूत आहे. भविष्य निर्वाह निधीच्या वेबसाइटवर आस्थापनेचं नाव टाकलं की कोणत्या महिन्यात किती कामगारांचा भरणा झाला ते दिसतं. त्यासाठी अर्जही नको. तो आकडा बिलातल्या कामगारसंख्येशी ताडून पाहा.

अर्जाचे नमुने मागच्या टेबलावर ठेवले आहेत. पत्त्याची ओळ मुद्दाम कोरी सोडली आहे. ती भरण्याआधी घरी विचारा.