हजेरीपटाची नक्कल आणि जयपूरचे 53 दिवस



सरकारी दप्तरातील कागद नागरिकाने मागितला तर नोकरशाही ‘देत नाही’ असे क्वचितच म्हणते. साहेब दौऱ्यावर असतात, कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे असते, अर्ज ‘योग्य त्या विभागाकडे’ रवाना झालेला असतो. नकाराविरुद्ध दाद मागता येते. मौनाविरुद्ध कोणाकडे जावे? हा प्रश्न ज्यांनी धसास लावला ते राजस्थानच्या दुष्काळी मुलखातील, बहुतांशी निरक्षर असे मजूर होते आणि त्यांच्या लढ्याचा निर्णायक अध्याय जयपूरच्या रस्त्यावर घडला.

राजस्थानातील भीम येथे 1 मे 1990 रोजी मजदूर किसान शक्ती संघटन स्थापन झाले. सरकारी कामांवर कायद्याने ठरलेले किमान वेतन मिळावे, एवढीच मागणी होती. उत्तर मिळे : मोजमापाप्रमाणे तुमचे काम भरत नाही. मोजमाप कोठे लिहिले आहे? वहीत. वही दाखवा. ती गोपनीय आहे! रोजगार हमीच्या कामावर खडी फोडलेल्या मराठी श्रमिकास हा संवाद परका वाटू नये. वेतनाचा लढा अशा रीतीने कागदाचा लढा बनला. डिसेंबर 1994 मध्ये पाली जिल्ह्यातील कोटकिराना येथे पहिली जनसुनवाई, म्हणजे गावापुढची जाहीर सुनावणी, भरली. पुढे अशा सुनावण्यांतून हजेरीपट मोठ्याने वाचले जाऊ लागले, तेव्हा कामावर कधीही न गेलेल्यांची, इतकेच काय मृतांचीही नावे त्यांत निघाली.

5 एप्रिल 1995 रोजी मुख्यमंत्री भैरोंसिंह शेखावत यांनी स्थानिक विकासकामांची कागदपत्रे जनतेस खुली करण्याचे आश्वासन विधानसभेत दिले. वर्ष उलटले, आश्वासन जागीच राहिले. 6 एप्रिल 1996 पासून ब्यावर येथे 40 दिवस धरणे धरण्यात आले. सरकारने त्या वेळी देऊ केले ते एवढेच, की शुल्क भरून कागद पाहावा. छायाप्रत मात्र मिळणार नाही. वरवर पाहता ही किरकोळ बाब वाटेल. परंतु ज्यास अक्षरओळख नाही त्याने कागद ‘पाहून’ काय करावे? दुसऱ्याने उतरवून आणलेल्या टिपणास पोलीस ठाण्यात वा न्यायालयात किंमत कोण देणार? छायाप्रतीवर मात्र खोट्या अंगठ्याचा ठसाही उमटतो. नोकरशाहीला हे पुरते ठाऊक होते.

म्हणून मे 1997 मध्ये मजूर राजधानीत आले. जयपूरच्या उन्हाळ्यात, शासनाच्या दाराशी, हे धरणे 53 दिवस चालले. अखेरीस जुलैत उपमुख्यमंत्री हरिशंकर भाभडा यांनी जाहीर केले की, पंचायतीच्या कागदपत्रांच्या छायाप्रती देणारी अधिसूचना सहा महिन्यांपूर्वीच राजपत्रात निघालेली आहे! ज्या हक्कासाठी माणसे रस्त्यावर बसली होती तो हक्क छापील स्वरूपात सरकारी दप्तरात पडून होता. कागद दडविण्याची सवय इतकी हाडीमाशी खिळलेली, की कागद दाखविण्याचा आदेशही दडपला गेला.

राजस्थानात 2000 साली व देशात 2005 साली माहिती अधिकाराचा कायदा झाला. केंद्रीय कायद्याने 30 दिवसांची मुदत घातली, आणि मुख्य म्हणजे त्या मुदतीतील मौन हाच नकार मानला. दररोज 250 रुपये, कमाल 25,000 रुपये दंडाची तरतूदही केली. आयोगाकडील दुसऱ्या अपिलास मात्र मुदत नाही आणि नोकरशाहीने नेमकी तीच फट हेरली आहे. राजस्थान सरकारने 2019 मध्ये जयपूर येथे ‘जन सूचना पोर्टल’ सुरू केले, अर्ज न करताच माहिती मिळावी म्हणून. ते निःसंशय त्या धरण्याचे फळ होय.

तथापि वैयक्तिक विदा संरक्षणाच्या 2023 च्या कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम 8 मध्ये फेरफार केला. संसदेस जी माहिती नाकारता येत नाही ती कोणाही व्यक्तीस नाकारता येणार नाही, हा तेथील दिलासा गेला आणि ‘वैयक्तिक माहिती’ हे कारण मोकळे झाले. जनहितासाठी माहिती देण्याची वेगळी तरतूद उरली आहे, परंतु तिचा निवाडा प्रथम करणार तोच अधिकारी. हजेरीपट म्हणजे तरी काय? माणसांची नावे, हजेरीचे दिवस आणि अंगठे. ती नावे वैयक्तिक ठरली, तर गावापुढे वाचायचे काय?